तीन रात्री, चार माणसं

भिवा गुरवाने लावलेली पाकळी तिसऱ्यांदाही देवाच्या अंगाला चिकटून राहिली, तेव्हा माझा धीर सुटला.

"आबा, देवाला क्रूझमधलं काय कळतं?" मी कुजबुजले. "त्यापेक्षा रॉनीला फोन करू या."

"गप ऱ्हव," आबा म्हणाले.

याला आता सात वर्षं झाली. आम्ही तिघं, म्हणजे आबा, आई आणि मी, रवळनाथाच्या गाभाऱ्यासमोर उभे होतो. वेंगुर्ल्याजवळचं आमचं गाव, आणि कौल लावल्याशिवाय आबांचं पान हलत नाही. देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गुरवाने प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझं लग्न असंच ठरलं. फ्रिज कुठल्या कंपनीचा घ्यायचा तेही देवानेच सांगितलं. तो फ्रिज अजून चालतो आहे, एवढं मी कबूल करते.

पण क्रूझचं प्रकरण मुळात माझं होतं. आबांना काचबिंदू. एक डोळा गेलेला, आणि दुसरा दिवाळीपर्यंत साथ देईल असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी तिथेच बँकेत. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर गाडीत मला रडू आवरेना. म्हटलं, "आबा, काय बघायचं राहिलंय ते सांगा. काशी, हिमालय, काय वाटेल ते."

आबा काचेबाहेर बघत बसले होते. तिकडेच बघत म्हणाले, "माका दर्यातसून आपलो गाव बघूचो आसा. एकदाच. बोटीवरसून."

मी गाडी बाजूला घेतली. कारण घरापासून समुद्र अर्ध्या तासावर, पण आबांनी उभ्या आयुष्यात त्यात पाऊल भिजवलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही मुलं पाण्यात शिरलो की ते सुरूच्या झाडांखाली पाण्याकडे पाठ करून बसायचे. मासळीसुद्धा नदीची आणायला सांगायचे, आणि त्यावरून आई आयुष्यभर कुरकुरत आली. तोच माणूस आता बोट मागत होता.

मग मी मनावर घेतलं. घरात कोणीच कधी क्रूझने गेलेलं नव्हतं, त्यामुळे उत्साह दांडगा आणि ज्ञान शून्य. सावंतवाडीचा ट्रॅव्हल एजंट रॉनी फर्नांडिस याने दोन कंपन्यांची माहितीपत्रकं पाठवली. 'बेलाव्हिया' हे परदेशी जहाज, अकरा मजली, पाच रात्री, कोचीला जाऊन परत. 'सिंधुमोहिनी' आपल्याकडचं, लहान, मुंबई-गोवा-मुंबई, दोन किंवा तीन रात्री. मी बँकेतल्या सवयीने वहीत रकाने पाडले, जेवण, खोली, डॉक्टर, लिफ्ट. ओसरीवर फोन स्पीकरवर ठेवून बैठक भरवली.

"पहिल्यांदाच जाताय तर काका, माझं ऐका," रॉनी म्हणाला. "बेलाव्हिया घ्या. मोठी बोट हलत नाही. दोन रात्रींत काही मजा येत नाही, सामान सोडेपर्यंत भरायची वेळ होते. पाच रात्री बेस्ट. पोहायचा तलाव आहे, रोज रात्री जादूचे प्रयोग..."

"ती किनाऱ्याच्या कितक्या लांबसून जाता?" आबांनी विचारलं.

"लांबूनच जाते काका. जमीन दिसत नाही. नुसता निळा समुद्र!"

"मगे नको."

आईने माझ्याकडे बघितलं. तिला जादूचे प्रयोग हवे होते.

"बरं, मग सिंधुमोहिनी," रॉनी म्हणाला. "दोन रात्रींची छोटी ट्रिप. आवडलं तर पुढच्या वर्षी मोठी करू."

"वेंगुर्ल्याच्या भायरसून ती किती वाजता जाता?"

"वेंगुर्ला? तिथे थांबत नाही काका."

"थांबू नको. उजेडात जाता काय काळोखात, तां सांग."

रॉनीने अर्ध्या तासाने उलट फोन केला. असला प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये जहाज गोव्याहून संध्याकाळी निघतं, म्हणजे वेंगुर्ला अंधारात मागे पडतं. तीन रात्रींच्या ट्रिपमध्ये मात्र ते एक रात्र गोव्याच्या बंदरात राहतं आणि पहाटे सुटतं. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह साडेआठच्या सुमारास उजव्या हाताला दिसेल. धुकं नसलं तर.

"तीन रात्री," आबा म्हणाले. माझे रकाने तसेच राहिले.

तर देवाने जहाजाला उजवा दिला, तीन रात्रींना उजवा दिला. मुहूर्ताला दिला. अडलं ते शेवटच्या गाऱ्हाण्याला, म्हणजे सुखरूप परतण्याच्या मागणीला.

"बा देवा रवळनाथा," भिवाने परत आळवलं, "ही तुझी तीन लेकरां दर्यावर जातत. तेंका सुखरूप ने, सुखरूप हाड. राजी आसशीत तर उजवो दी."

"होय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

पाकळी हलली नाही. गाभाऱ्यात समईची वात तेवढी तडतडत होती. भिवा मागे वळला. सत्तरीचा माणूस, हजारो कौल लावलेला, पण त्याच्या कपाळावर घाम होता.

"मास्तरांनु, होय म्हणणा नाय आणि नाय म्हणणा नाय. असा माझ्या हातार कधी झाला नाय. माणसां कितकी जातत?"

इथे एक सांगायला हवं. आबा माणसं मोजत नाहीत. नावं घेतात. माझ्या लग्नात आचाऱ्याने किती पानं म्हणून विचारलं, तर आबांनी त्याला दोनशे नावं म्हणून दाखवायला सुरुवात केली होती. ते मराठी शाळेत मास्तर होते, हजेरी तोंडपाठ, पण मुलांची डोकी मोजावी लागतात म्हणून चौतीस वर्षांत एकाही सहलीला गेले नाहीत. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो.

आता ते खांबाला हात लावून उभे होते.

"चार घाल," ते म्हणाले.

"आबा, चौथं कोण?" मी विचारलं. माझा नवरा आणि मुलगा कोल्हापुरात परीक्षेच्या घाण्याला जुंपलेले होते.

"चार घाल, भिवा."

"बा देवा, ही तुझी चार लेकरां..." भिवाने एवढंच म्हटलं आणि उजवी पाकळी खाली पडली. गाऱ्हाणं पुरं व्हायचं होतं. आम्हाला होय म्हाराजा म्हणायलाही सुचलं नाही.

घरी येताना मी आबांना पुन्हा विचारलं, तर आईने माझा दंड दाबला. रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "चार खाटांची खोली घे. जास्त विचारू नकोस." मी चिडले. देवासाठी खाट राखून ठेवायची म्हणजे फारच झालं. पण घेतली.

मुंबईच्या धक्क्यावर आई हरखली. लिफ्ट काय, गालिचे काय. आबा शिडी चढताना मात्र प्रत्येक पायरीवर थांबले आणि मागे वळून बघत राहिले. मागची माणसं खोळंबली. "काका, चला ना," कोणीतरी म्हणालं. आबा म्हणाले, "फुडे जावा. आमचा कोण ऱ्हवलेला नाय मां, तां बघतंय."

आमची खोली सहाशे चौदा. दोन खाटा खाली, दोन वर. कपाटात चार लाइफ जॅकेटं होती, त्यातलं एक लहान मुलाचं. मोठी संपली असतील, मी स्वतःशी म्हटलं.

जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांची कवायत असते. जॅकेटं घेऊन ठरलेल्या जागी जमायचं आणि तिथे डोकी मोजतात. आमच्या जागेवर सुझान नावाची वसईची पोरगी होती, हातात यादी, चेहऱ्यावर हसू. सगळी जॅकेटं आणायची सूचना होती म्हणून मी छोटंही आणलं होतं आणि आबांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलं होतं.

"सहाशे चौदा," सुझानने बोटाने मोजलं. "चार. ओके."

"तीन," मी म्हटलं.

"चारची खोली आहे ना?"

"खोली चारची आहे. आम्ही तिघं आहोत."

तिने यादी पाहिली, मग पुन्हा आमच्याकडे बोट करून मोजलं. आई, मी, आबा. बोट चौथ्या खुर्चीवर गेलं आणि तिथेच थांबलं. तिचं हसू मावळलं.

"सॉरी मॅडम. ते जॅकेट आहे. मला वाटलं..."

मी जॅकेट उचलायला गेले. आबांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली.

"हात लावू नको," ते म्हणाले. "थयच ऱ्हवू दी."

त्यानंतर मला त्या खोलीत झोप लागली नाही. तसं काही घडत नव्हतं. खोली आवरणारा मुलगा चार टॉवेल ठेवून जायचा, मी एक परत द्यायची, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा चार ठेवायचा. दुसऱ्या सकाळी माझ्या समोरच्या वरच्या खाटेवरची चादर चुरगळलेली दिसली. रात्री ती ताठ होती, मी स्वतः पाहिली होती. शिडीवर चढून उशीला हात लावला. ओली होती. एसीचं पाणी गळत असेल म्हणून मी वर बघितलं, तर छत कोरडं ठणठणीत. बोट जिभेला लावून बघायचा मोह झाला, तो मी आवरला. आईला सांगितलं, तर तिने माझ्या हातातून उशी घेतली आणि होती तशी परत ठेवली.

"आई, तुला काहीतरी ठाऊक आहे."

"मला नाव तेवढं ठाऊक आहे," आई म्हणाली. "तुझ्या आजीने जाताना सांगितलं होतं. बाकीचं ते सांगतील तेव्हा सांगतील. उद्या सकाळी तू त्यांच्या उजव्या हाताला उभी राहा, मी डाव्या. हात सोडायचा नाही."

तेव्हा मी खरी घाबरले. आबांना समुद्रातून गाव कशासाठी बघायचं होतं, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. कठडा छातीइतका उंच होता, पण आबाही उंच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही डेकवर आलो. लोक नाश्त्याला गेले होते. हवा कुंद होती, तरी उजव्या हाताला खडकांवरचं दीपगृह आलं आणि त्याच्या मागे फिकट डोंगरांची रांग.

"दिसता?" आबांनी विचारलं.

"दिसतंय. तुम्हाला?"

"माका नुसतो उजेड दिसता. तू सांग."

दुसरा डोळाही दिवाळीची वाट न बघता विझत आला होता. मी सांगत गेले. दीपगृह, त्याच्या आतल्या बाजूला डोंगर, एक मचवा. मी आणि आई त्यांचे दोन्ही हात घट्ट धरून उभ्या होतो. मग आबा बोलायला लागले, माझ्याशी नव्हे, समोर बघून.

"तेव्हा मुंबयसून बोट येय. ती धक्क्याक लागा नाय, भायर नांगर टाकी. माणसां शिडयेवरसून पडावात उतरत आणि पडाव किनाऱ्याक जाय. मी चौदा वर्षांचो. आये, सुमन, मी आणि माझी धाकटी भैण कुंदा. कुंदा सा वर्षांचा."

सुमनआत्या मला माहीत होती. कुंदा हे नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

"सांज झालेली. वारो सुटलेलो. आयेक बोट लागली होती, ती पडावात डोळे मिटून आडवी. माका म्हणाली, 'गजा, मोज रे. सगळी उतरली?' मी मोजलंय. आये एक, सुमन दोन, मी तीन. आणि कोपऱ्यात कुंदाची तांबडी कानटोपी. चार. मी म्हटलंय, 'चार, आये.' पडावाच्या तांडेलान दोरी सोडल्यान."

आबांनी दीपगृहाच्या दिशेने तोंड वळवलं.

"किनाऱ्याक लागलो तर कुंदा नाय. रातभर कोळी पाण्यात होते. पडाव आणि किनाऱ्याच्या मधी शोधल्यानी. मी चार म्हटलेलंय मां. सगळ्यांका वाटला, पडावात इला आणि वाटेत पडला. बोट तवसर पणजेक गेली."

"मग टोपी, आबा?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आयेन माका वळकटी सोडूक सांगल्यान. टोपी वळकटयेर होती. कुंदान खेळताना वळकटयेक घातली असतली. मी वळकटी मोजलेलंय, बाय. कुंदा पडावात उतराकच नव्हता. ता बोटीवरच होता. तेव्हाच सांगलंय असतंय तर पणजेक तार गेली असती. बोटीर तेचा फुडे काय झाला, कोणाक कळाक नाय. मी सांगाक नाय. टोपी न्हाणीच्या चुलीत घातलंय."

छप्पन्न वर्षं हा माणूस ते घेऊन जगला होता आणि आम्ही पानं मोजण्यावरून हसत होतो. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसती रडत राहिले.

"आये शेवटपर्यंत म्हणा, माझा चेडू बोटीर आसा," आबा म्हणाले. "तिना दिवस करूक दिल्यान नाय. लोकांका वाटा, खुळी झाली. तीच खरी होती."

मग त्यांनी मान वर केली आणि शाळेत हजेरी घ्यायचे त्या आवाजात हाक मारली, "कुंदा!"

डेकवर कोणी नव्हतं. इंजिनाची घरघर तेवढी पायाखाली होती.

"कुंदा, मी चुकीचा मोजलंय. पडावात आमी तीनच होतव. तू बोटीरच होतंस. मी खोटा बोललंय. आता उतर. चल घराक."

ते कठड्यावर पुढे वाकले. मी आणि आईने त्यांना मागे ओढलं आणि तिघंही डेकवर बसलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. उठलो तेव्हा दीपगृह मागे पडलं होतं. मला आठवतं ते एवढंच की आबांचा उजवा हात माझ्या हातात होता, डावा आईच्या, आणि तरी त्यांच्या सदऱ्याचं मागचं टोक ताणलेलं होतं. खिळ्याला अडकलं असेल म्हणून मी सोडवायला गेले. तिथे खिळा नव्हता, आणि कापड मुठीएवढं भिजलेलं होतं.

त्या रात्री वरच्या खाटेवरची चादर ताठ राहिली.

मुंबईला उतरताना शिडीच्या तोंडाशी सुझान होती. तिच्या हातात मोजायचं छोटं यंत्र होतं, माणूस पुढे गेला की ती खटका दाबायची. आई उतरली, खट. आबा उतरले, खट. मी उतरले, खट. दोन पायऱ्या खाली गेले आणि मागून आणखी एकदा खट झालं. माझ्यामागे लगेच कोणी नव्हतं. वळून पाहिलं तर सुझान हातातल्या यंत्राकडे बघत होती. तिने मान वर केली आणि आमची नजरानजर झाली.

गावी पोचल्यावर आंघोळी करून आम्ही थेट देवळात गेलो. जाऊन आल्याचं देवाला सांगायचं असतं. भिवाने पाकळ्या लावल्या, मुठीत तांदूळ घेतले आणि आबांकडे वळला.

"मास्तरांनु, कितकी माणसां परत इली म्हणान सांगू?"

आबांनी माझ्याकडे तोंड फिरवलं. त्यांना मी नुसती उजेडातली सावली दिसत असणार. "तू मोज," ते म्हणाले. "माझ्यार विश्वास नाय माझो."

मी बँकेतली बाई. एकाला दोन वेळा मोजल्याशिवाय पुढे जात नाही. मी आईकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. आबांच्या मागच्या फरशीवर त्यांच्या पावलांशेजारी पाणी सांडलं होतं, आणि आमच्या तिघांचेही पाय कोरडे होते.

"चार," मी म्हटलं.

भिवाने देवाकडे तोंड केलं. "बा देवा रवळनाथा, तुझी चार लेकरां दर्यावरसून घराक इली..."

उजवी पाकळी पडली.

"होय म्हाराजा," आबा म्हणाले, आणि मटकन खाली बसून लहान मुलासारखे रडू लागले.

तेराव्या दिवशी आम्ही कुंदाचे दिवस केले. आईने पानं मांडली आणि आबांना हाक मारली. आबा एकेका पानाला हात लावत गेले, त्या पडावानंतर पहिल्यांदाच मोठ्याने मोजत.